सगळ्या खंडांना शेपूट

चार माणसं मिळून जग बनवायला बसली की किस्से वेगळे बनवावे लागत नाहीत. डोंगर काढताना एक होतो, नदी वळवताना दुसरा, आणि देव बसवायची वेळ आली की विचारूच नका. रायपूरच्या तात्यापाऱ्यात, माझ्या घराच्या पुढच्या खोलीत असे इतके साचलेत की चहाला आलेला माणूस बिस्किटाआधी किस्सा मागतो. सांगायचं काम माझ्याकडं आहे. बाकीचे मध्येच हसतात आणि गोष्टीची वाट लावतात.

माझ्याबद्दल एवढंच, की सातवीनंतर मला शाळेतून काढलं. पुढचा भूगोल, पुढचं इंग्रजी आणि पुढची सगळी अक्कल मी रद्दीच्या दुकानातून आणली. त्यामुळं मला कुणी "तुम्हाला कळणार नाही" म्हटलं की ते कळेपर्यंत मी उठत नाही.

तुषार त्या दिवशी नेमकं तेच म्हणाला.

तुषार माझा वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. अमरावतीचा पोट्टा, नव्या रायपुरात ऑफिसला जातो. शनिवारी त्याचे मित्र जमतात आणि फाशांचा एक खेळ चालतो. तुषार एका काल्पनिक जगाची गोष्ट सांगतो, मित्र त्या जगातले जादूगार, शेतकरी, लढवय्ये होतात, आणि पुढं काय घडतं ते फासे ठरवतात. मी पाण्याची मोटर बंद कर म्हणून सांगायला वर गेले, तर टेबलावर नकाशा. चार खंड. एक आगीचा, एक पाण्याचा, एक वाऱ्याचा, एक मातीचा. ज्या खंडात जी जादू, तशी तिथली जमीन आणि तसा तिथला देव.

"हे काय बनवून राहिला रे?"

"मावशी, तुम्हाला नाही कळणार. फॅन्टसी आहे."

मी खुर्ची ओढली.

आगीच्या खंडात जिकडंतिकडं ज्वालामुखी. मी विचारलं, "इथं भाजी कुठं पिकते?"

"भाजीचा विचार नाही केला."

"आणि देवांच्या दोन्ही हातांत तलवारी. नवसाचा नारळ कोणत्या हातानं घेतील?"

वाऱ्याच्या देवाचं नाव त्यानं ठेवलं होतं झेफ्रॉक्सियन. मी म्हटलं, "हे देवाचं नाव आहे का खोकल्याचं औषध?"

रविवारी तुषार नकाशा गुंडाळून खाली माझ्या खोलीत आला. त्या देवाचं नाव आता झुळक्या आहे. तो नारळ घेत नाही, पतंग घेतो.

*

जग बनवायला बसलो आम्ही चौघं. मी, तुषार, नलू आणि हेमलाल.

नलू माझी लहानपणापासूनची मैत्रीण. जन्मली याच गल्लीत, लग्न होऊन गेली गुढियारीला, रेल्वेतल्या गार्डाच्या घरी. म्हणजे सासर आणि माहेर यांच्या मध्ये फक्त स्टेशन. नवरा गेल्यावर दर रविवारी ऑटोनं माझ्याकडं येऊन बसायची. हेमलाल समोरच्या घरातला, उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये भट्टीवर कामाला. देवांवरून आमचे आवाज चढलेले ऐकून तो भांडण सोडवायला आला आणि स्वतःच एक देव मागून बसला.

चिठ्ठ्या टाकल्या. तुषारला वारा, हेमलालला आग, मला माती आणि नलूला पाणी. माझ्या देवीचं नाव मी ठेवलं ढेकळाई. तुषारला ते सुंदर वाटलं नाही. मी म्हटलं, जमीन सुंदर नसते, जमीन पायाखाली असते.

नलूनं नाव ठेवलं ओलाई. ते मात्र तुषारनं लगेच नकाशावर लिहून टाकलं.

अडलं ते किनाऱ्यांवर. तुषारनं कॉम्प्युटरवर काढलेले किनारे तुकडा मोडलेल्या पापडासारखे. नलू बघत बसली आणि म्हणाली, "समुद्राचा किनारा समुद्र काढते. तुम्ही कोण?"

ती उठली, स्वयंपाकघरातून माझा पितळेचा तांब्या भरून आणला आणि एका झोकात दगडी फरशीवर पाणी ओतलं. पाणी धावलं, रेंगाळलं, एका जागी अडलं, एका जागी फुटलं आणि थांबलं. "खडू दे," ती म्हणाली. पाटावर बसून तिनं पाण्याच्या कडेकडेनं रेघ ओढली. पाणी वाळलं तेव्हा फरशीवर अख्खा खंड. आखातं, भूशिरं, आणि थेंब उडाला होता तिथं एक बेट. तुषारनं वरून फोटो काढला.

मग सगळ्यांनी हात आजमावला. हेमलालनं ओतलं तर पोळी झाली. तुषारनं ओतलं तर गोवर आल्यासारखी नुसती बेटं. माझं काय झालं ते मी सांगत नाही.

त्या दिवशी दोन नियम ठरले. एक, प्रत्येक खंडाचा किनारा नलूच्याच हातचा. दोन, ज्याचा देव त्यानंच हलवायचा, दुसऱ्यानं हात लावायचा नाही.

*

हेमलालच्या देवाचं नाव अंगरादेव. तो तीन पाळ्यांत जागा असतो. भोंगा वाजला की एक ज्वालामुखी थांबतो आणि दुसरा सुरू होतो.

मी म्हटलं, "देव काय कामावर जातो का रे?"

"हव दीदी, हमर देवता घलो ड्यूटी जाथे," हेमलाल त्याच्या छत्तीसगढीत अभिमानानं म्हणाला. देवसुद्धा ड्यूटीला जातो म्हणे.

"मग सुट्टी?"

"शटडाउन मं."

वर्षातून एकदा भट्टी थंड होते. त्या दिवशी त्या खंडात सगळे झोपतात. दिवे नाहीत, मिठाई नाही, कुणाकडं जायचं नाही, नुसती झोप. तोच त्यांचा सण. तुषार म्हणाला, एवढा चांगला सण त्यानं कुठल्याच धर्मात पाहिला नाही.

पुढच्या रविवारी हेमलाल इस्त्रीचा शर्ट घालून, पेढे घेऊन आला. अंगरादेवासाठी ओलाईला मागणी घालायची होती.

नलूनं पदर सारखा केला आणि मुलीची आई होऊन बसली. "मुलगा काय करते?"

"भट्ठी मं हे दीदी. परमानेंट."

"घरी कोण कोण?"

हेमलालनं विचार केला. "आगीच आगी."

"नाही जमत," नलू म्हणाली. "पोरगी पहिल्याच दिवशी वाफ होऊन जाईल."

पेढे आम्ही खाल्ले. हेमलाल मात्र रुसला, यायचाच बंद झाला. शेवटी नलूनंच दोन्ही खंडांच्या मध्ये गरम पाण्याचा एक झरा काढला, काठीचा आधार घेत रस्ता ओलांडून त्याच्या दारात गेली आणि म्हणाली, "झऱ्याच्या अल्याड-पल्याड बसतील दोघं, वर्षातून एकदा. व्याही नाही झालास तर भाऊ हो. पण ये."

त्या राखीला तिनं त्याला राखी बांधली. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

*

एका शनिवारी वरून तुषारच्या मित्रांचा जोरजोरात वाद ऐकू आला. थोड्या वेळानं तुषार खाली आला. चेहरा विद्वानासारखा.

"मावशी, एक गोष्ट सापडली. आपल्या चारही खंडांना शेपूट आहे. लांबलचक. आणि चारही शेपटं एकाच दिशेला, खाली डावीकडं."

मी नकाशा बघितला. खरंच होतं.

"मित्र म्हणतात, हा योगायोग नाही. फार पूर्वी काहीतरी प्रचंड घडलं असणार. एखाद्या आदिदेवानं चारही खंड मुठीत धरून एका बाजूला ओढले असणार. आम्ही त्याचं नाव पण ठरवलंय. 'ओढणारा'. त्याचं एक गुप्त देऊळ आहे, पुजारी आहेत, आणि त्यांना शोधायला आमचा एक जण घोड्यावरून निघाला पण आहे."

नलू त्या शनिवारी मुक्कामालाच आलेली होती. तिनं नकाशाकडं पाहिलं, मग फरशीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

माझ्या खोलीची फरशी मोरीकडं उतरती आहे.

नलू इतकी हसली की तिला पाठीला उशी द्यावी लागली. हसता हसता म्हणाली, "तुषार, घोडेवाल्याले सांग, देऊळ सापडलं. आत दोन बादल्या आणि एक खराटा आहे."

तुषारनं मित्रांना ते कधीच सांगितलं नाही. ओढणाऱ्याचे पुजारी अजून त्या जगात हिंडतात. ते खराट्याला नमस्कार का करतात, हे कुणाला कळलेलं नाही.

*

भूतं पाच असतात. चार झाली, आकाश राहिलं.

"आकाशाले किनारा कसा काढशील व?" मी नलूला विचारलं.

तांब्या हातात धरून तिनं बराच विचार केला. मग तो तसाच भरलेला खाली ठेवला. "आज गुडघा दुखून राहिला. पुढच्या रविवारी बघू."

पुढच्या रविवाराआधी तिचा मुलगा सुनील तिला न्यायला पुण्याहून आला.

सुनील वाईट मुलगा नाही. आईचा गुडघा सुजलेला, गुढियारीचं घर जिन्याचं, ती एकटी. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, आणि तेच मला जास्त लागलं. तो इंजिनियर आहे, फ्लॅटचं सगळं काम स्वतः उभं राहून करून घेतलेलं. मला म्हणाला, "मावशी, फरशी अशी बसवलीय, की कुठंही गोटी ठेवा, हलणार नाही."

स्टेशनवर मी डबा घेऊन गेले. नलू खिडकीशी बसलेली.

"ओलाईले कोणी हात नाही लावायचा," ती म्हणाली.

"कोण लावते?"

"तू लावशील. तुले धीर नसते."

"मी काहून लावीन? माझी माती मले पुरे."

"तुषारले पण सांग."

"सांगते न."

असं भांडता भांडता गाडी सुटली. अशा वेळी लोक एकमेकांना काय म्हणतात ते मला माहीत आहे. आम्हाला त्यातलं काहीच सुचलं नाही.

*

फोन यायचे. "इथं सगळं चांगलं आहे व कमळे. लिफ्ट आहे."

दुसऱ्या वेळी, "सूनबाई फार करते माझं. लिफ्ट पण आहे."

तिसऱ्या वेळी पुन्हा लिफ्ट. मी फोन ठेवला आणि विचार करत बसले, की आमची नलू, जी पायरीवर बसल्या बसल्या अख्ख्या गल्लीची बातमी काढायची, तिच्याकडं सांगायला फक्त लिफ्ट उरली?

मग एकदा ती हळू आवाजात म्हणाली, "मी इथं पाणी ओतून पाहिलं."

"मग?"

"जातच नाही व कुठं. ओतलं तिथं बसते. गोल."

"मग?"

"मग सूनबाईनं पुसून घेतलं. घसरीन म्हणून."

फोन कुणीच बंद केला नाही. तिच्याकडून लिफ्टचा आवाज येत होता. माझ्याकडून तिला बहुतेक रस्त्यावरचा भाजीवाला ऐकू गेला असावा. कारण एकदम म्हणाली, "आज त्यानं मुनग्याच्या शेंगा आणल्या का?"

*

ओलाई नलूची, नलू पुण्याला. दुसरा नियम सांगतो, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. मग पाऊस कोण पाडणार?

तुषारच्या खेळात दुष्काळ पडला. नद्या आटल्या. दोन्ही खंडांमधल्या गरम झऱ्याच्या एका काठावर अंगरादेव एकटाच बसून परत गेला. तुषारचा एक मित्र खेळात शेतकरी आहे, एरवी तो कॉम्प्युटर इंजिनियर. एके दिवशी तो जिना उतरून माझ्या दारात उभा राहिला.

"आंटी, बारिश कब होगी? मेरा पूरा धान सूख गया."

"देवी बाहर गई है."

"किधर?"

"पुणे."

तो गंभीरपणे मान हलवून वर गेला. तेव्हापासून त्या जगाच्या नकाशात पश्चिमेला पुणे नावाचं एक शहर आहे. तिथं जमीन सपाट असते आणि गेलेलं कुणी परत येत नाही.

तुषार म्हणाला, "मावशी, तात्पुरती दुसरी देवी बसवू या का?"

"तात्पुरती देवी म्हणजे? टेम्पररी पोस्टिंग आहे का? आणि मग ओलाईनं कुठं बसायचं, आल्यावर?"

"त्या येणार आहेत का पण?"

माझ्या ढेकळाईला या टोकापासून त्या टोकापर्यंत भेगा पडल्या होत्या. तुषारनं नकाशावर त्या काळ्या पेनानं काढल्या तेव्हा मी त्याला थांबवलं नाही. पडू दे म्हटलं. तिचीही कुणी मैत्रीण असेल.

तांब्या मी रोज घासत होते. पाणी त्यात भरत नव्हते.

मग पोळा झाला. समोर हेमलालच्या घरी तळणाचा वास सुटला. त्याची बायको खारी ठेठरी आणि गोड खुरमी करत होती. हेमलाल रस्ता ओलांडून आला आणि माझ्या पायरीवर बसला.

"दीदी, एक बात कहूं? तीजा मं बेटी अपन मन से नइ आवय. लेवाए बर जाए ला परथे."

इथली रीत आहे ही. तीजेला लेक माहेरी येते, पण आपली आपण येत नाही. भावानं किंवा बापानं फराळ घेऊन तिच्या सासरी जायचं आणि तिला मागून आणायचं. न मागता आली तर तिचा मान काय राहिला?

"नलू दीदी के मइके इही गली आय," हेमलाल म्हणाला. "हमन बइठे हन, के वो आही. कोनो गीस लेवाए बर?"

कुणीच गेलं नव्हतं. मी त्याला स्पष्ट सांगितलं, "मी कुणाला ये म्हणत नाही हेमलाल. जन्मात म्हटलं नाही. नवरा गावाला गेला तर त्यालाही लवकर या म्हटलं नाही."

"तुमन झन कहव," तो म्हणाला, म्हणजे तुम्ही म्हणूच नका. "मैं कहूं. भाई तो मैं अंव."

*

पुण्याची गाडी. हेमलालनं मिलमधून सुट्टी काढलेली, तोच इस्त्रीचा शर्ट, मांडीवर ठेठरी-खुरमीचा डबा. माझ्या पिशवीत साडीत गुंडाळलेला तांब्या. वाटेत हेमलालनं डबा एकदाही खाली ठेवला नाही.

लिफ्ट खरंच चांगली आहे.

दार सुनीलनं उघडलं. त्याच्या मागं नलू, खुर्चीत. वाळली होती. मला बघून ती उठायला गेली, सुनील म्हणाला, "आई, हळू."

हेमलाल उंबऱ्याबाहेरच उभा राहिला, डबा दोन्ही हातांत. "दीदी, तीजा बर लेवाए ला आए हंव."

सुनीलला छत्तीसगढी कळते, रायपूरचाच आहे तो. त्यानं आम्हाला आत घेतलं, पाणी दिलं, आणि फार नम्रपणे सगळं समजावलं. डॉक्टर, गुडघा, व्यायाम करून घेणाऱ्या बाया, प्रवासाची दगदग. एकही गोष्ट खोटी नव्हती. "पुढच्या वर्षी बघू, मावशी."

नलू खाली बघत होती. मी पिशवीतली साडी उलगडून तांब्या काढला आणि तिच्या पुढ्यात ठेवला.

"पाचवा राहिला आहे," मी म्हटलं. "आकाशाचा."

नलूनं तांब्या उचलून सुनीलकडं धरला. तो भरून घेऊन आला. बायको काहीतरी म्हणणार होती, त्यानं तिला खुणेनं थांबवलं. आईची एवढीशी हौस त्याला मोडायची नव्हती.

नलूनं बसल्या जागेवरून ओतलं. त्याच झोकात.

पाणी पडलं आणि बसलं. गोल, गुळगुळीत, ताटासारखं. ना आखात, ना भूशिर. सगळे बघत होतो.

"असंच असते इथं," नलू म्हणाली. "सगळं जागच्या जागी."

सूनबाईनं चहा आणला. हेमलालनं डबा उघडला. नलूनं खुरमीचा तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटून चावत राहिली. मुनगा आला का, शेजारच्या बाईची सून नांदते का, मोरीचा खराटा बदलला का, असं सगळं एकदम विचारलं. मी सगळ्याची उत्तरं दिली.

कप खाली ठेवायला वाकले तेव्हा मला दिसलं. पाण्याच्या ताटाला कड सुटली होती. एक बोटभर, मग वीतभर. बारीक, लांब शेपूट, आणि ते दाराकडं निघालं होतं.

"हे कसं?" सुनील म्हणाला. तो गुडघ्यांवर बसला, फरशीला गाल लावून बघितलं. मग उठून शोकेसमधून त्याची ती गोटी आणली आणि शेपटाच्या अगदी शेजारी ठेवली.

गोटी हलली नाही.

पाणी चाललं होतं. सोफ्याच्या पायाला वळसा घातला, चपलांच्या स्टँडपाशी थोडं थांबलं, पुन्हा निघालं. "ओलाई," म्हणत हेमलालनं हात जोडले. सूनबाई पुसायचं फडकं घेऊन तशीच उभी राहिली. सुनील गोटी उचलून पुढं पुढं ठेवत गेला, आणि ती प्रत्येक जागी तशीच बसून राहिली. असं करता करता तो दारात जाऊन पोचला.

नलूनं माझ्याकडं न बघता हात पुढं केला. मी पिशवीतून खडू काढून तिच्या तळहातावर ठेवला.

"सुनील," ती म्हणाली, "दारातून बाजूला हो रे. तिले जाऊ दे."